ओल्शिनेकच्या दफनभूमीची आर्थिक क्षमता

मंगळवार, ३ मार्च २०२६

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी ओल्शिनेकच्या दफनभूमीत पोचले, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या उशाशी कोणीतरी लोखंडी खुंटी ठोकून गेलं होतं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. अडतीस वर्षं मी औषधाचं दुकान सांभाळलं. काय दिलं, कधी दिलं हे जो लिहून ठेवत नाही, त्याच्या हातून एक ना एक दिवस कोणीतरी मरतं.

खुंटी पिवळी, वीतभर वर आलेली, आणि ती नेमकी पॅन्सीच्या रोपांमधून खाली गेलेली. रोपं मी शनिवारीच लावली होती. खुंटीला पट्टी बांधली होती : "वाढ-केंद्र १. हलवू नये." मी लगेच हलवून पाहिली. हलली नाही.

शेजारच्या थडग्यापाशी टेओफिल बार्टोश नेहमीप्रमाणे बायकोची पाटी पुसत होते. पुसण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. वान्डाबाईंच्या पाटीत बघून केस विंचरता येतील इतकी ती चकचकीत आहे, तरी हा माणूस रोज मी यायच्या वेळेला फडकं घेऊन हजर असतो. एवढी धूळ त्यांना सापडते कुठे, देव जाणे.

"काल संध्याकाळी नव्हती हो ही," ते म्हणाले. "वान्डाच्या पायाशीही एक आहे. मी म्हटलं, पाण्याच्या नळाचं काम असेल."

नळ आमच्या अगदी समोर आहे. अख्ख्या दफनभूमीत तो एकच. क्लेमेन्सने जिवंतपणीच ही जागा निवडून ठेवली, ती नळामुळे. मला लाडाने म्हणाला, "लोडझिया, तू झारी उचलून लांब चालणार आणि सगळा रस्ता मला शिव्या देणार. त्यापेक्षा मी जवळच पडतो." करड्या दगडावर डावीकडे त्याचं नाव आहे, उजवीकडे माझं. माझं जन्मसाल कोरलेलं आहे, पुढे एक रेघ आणि मग कोरा दगड. मला त्या कोऱ्या दगडाची भीती वाटत नाही. उलट, जगात माझ्यासाठी राखून ठेवलेली ती एकच जागा आहे.

फाटकावर फुलं आणि काचेतले दिवे विकणारी स्टेफ्का मला बघताच ओरडली, "काकू, अभिनंदन! आपण पहिले आलो!"

"कशात?"

तिने फोन माझ्या नाकाखाली धरला. महानगर क्षमता मंडळ नावाचं एक नवं कार्यालय निघालं आहे. त्यांनी पोझनान शहर आणि भोवतालच्या गावांचे चौकोन पाडले, कुठल्या चौकोनात धंदा वाढण्याची किती क्षमता आहे ते मोजलं आणि शंभरपैकी गुण दिले. जास्त गुण तिथे गडद लाल, कमी तिथे फिकट. शहराच्या जुन्या चौकाला चव्वेचाळीस. रेल्वे स्टेशनला एकसष्ट. आणि गावाच्या टोकाला एकच चौकोन, शिजलेल्या बिटासारखा.

"अठ्ठ्याण्णव!" स्टेफ्का म्हणाली. "आपली दफनभूमी! मला आता कर्ज मिळेल का हो काकू?"

तिला म्हटलं, आधी डोळे तपासून घे, आणि त्या नकाशेवाल्यांनाही घेऊन जा.

गुरुवार, ५ मार्च

मंडळात गेले. काचेची इमारत, आत रबराची झाडं. साहेबांचं नाव सेवेरिन क्रुक. पस्तिशी अजून गाठायची आहे, दाढी रेघ मारून कातरलेली.

"बसा ना मॅडम. कॉफी घेणार?"

"खुंटी काढा."

"काय?"

"कॉफी नको. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात ठोकलेली खुंटी काढा."

माणूस उर्मट नव्हता हे लिहायलाच हवं. असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसाशी कसं बोलायचं हे मला येतं. त्याने सगळं मला मुलाला समजावावं तसं प्रेमाने समजावलं. ते फोन मोजतात. एका चौकोनात किती फोन आले, किती वेळ थांबले, पुन्हा आले का. "माणसं जिथे येतात, थांबतात आणि परत परत येतात, तिथे क्षमता असते, मॅडम."

"आमच्याकडे काही माणसं फारच थांबतात," मी म्हटलं. "पण ती फोन आणत नाहीत. मोजणी कधी केलीत?"

"ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दोन नोव्हेंबरपर्यंत."

"म्हणजे सर्व संतांचा दिवस मध्ये आला. त्या दिवशी आख्खा देश कबरींवर असतो. तुम्ही स्वतः कुठे होतात?"

"आजीच्या कबरीवर."

"गर्दी होती?"

"भयंकर! गाडी लावायला तासभर जागा मिळेना." त्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता ट्यूब पेटणार. "म्हणूनच तर तो आठवडा निवडला ना मॅडम. एरवी लोक कामावर जातात. कामावर जाणारी माणसं मोजणीत शिरली की आकडे बिघडतात."

आर्थिक क्षमता मोजताना कामावर जाणाऱ्या माणसांची अडचण होते, हे मला पंचाहत्तरीला टेकल्यावर कळलं. त्या खोलीत मात्र मला तीन वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं, रागाने.

मग मूळ मुद्दा निघाला. सर्वांत जास्त गुणांच्या चौकोनात गुंतवणूकदारांसाठी स्वागत मंडप बांधायचा. निधी मंजूर झाला आहे आणि तो नकाशाला बांधलेला आहे, त्यामुळे नकाशा चुकला असं म्हणता येत नाही. त्या चौकोनात सर्वांत जास्त फोन कुठे थांबले, तर एका ठरावीक ठिकाणी. तिथेच मंडप.

"तो नळ आहे," मी म्हटलं. "लोक झारी घेऊन रांगेत उभे असतात."

"रांग!" त्याचे डोळे चमकले. "मागणी, मॅडम."

नळाभोवतीची तीन थडगी हलवणार. क्लेमेन्स, वान्डाबाई आणि एक कर्नल, ज्याला विचारणारं कोणी उरलेलं नाही. नेणार कुठे, तर बाह्यवळण रस्त्यापलीकडे, शून्य गुणांच्या चौकोनात. "तिथे फार शांत आहे," म्हणाला.

"त्यांना इथेही काही आवाज येत नाही."

त्याने पडद्यावर पाहिलं. "तुमच्या जागेचे दोन वापरकर्ते दिसतात. क्लेमेन्स राताइचाक आणि लेओकाद्या राताइचाक. दोघांचीही सोय एकत्रच होईल, काळजी करू नका."

"लेओकाद्या मी आहे."

क्रुक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. "इथे तुम्ही कायमच्या रहिवासी म्हणून आहात," तो हळूच म्हणाला. मला वाटतं त्याने पडद्यावरच विश्वास ठेवला.

मी उठले नाही. शेवटी त्याने कबूल केलं की हरकत घेतली तर फेरमोजणी होते. नऊ ते पंधरा मार्च. गुण साठच्या खाली आले तर मंडप दुसरीकडे जाईल.

"मार्चमध्ये आमच्या दफनभूमीत चिटपाखरू नसतं."

"मग तुम्हाला चिंता कसली?"

खरंच कसली? घरी येऊन बटाटे उकडले, चक्क्यात कांद्याची पात चिरून घातली आणि पोटभर जेवले. सिस्टर बेनिग्ना आम्हाला मठाच्या शाळेत सांगायची, रागात जेवू नये. मी मात्र रागातच चांगली जेवते.

शनिवार, ७ मार्च

तरी धोका नको. औषधाच्या दुकानात मी तराजू कधी नशिबावर सोडला नाही. आज ओल्शिनेकच्या सगळ्या जिन्यांत, बेकरीत आणि ट्रामच्या थांब्यावर हाताने लिहिलेले कागद लावले :

"सोमवार ते रविवार दफनभूमीत येऊ नये. कारण विचारू नये. ले. राताइचाक."

गोंद बार्टोश धरत होते. म्हणाले, "लेओकाद्याबाई, ते 'कारण विचारू नये' काढलं तर?"

"का?"

"लोक विचारतील ना."

"विचारू नये असं स्पष्ट लिहिलं आहे."

त्यांनी पुढच्या कागदाला गोंद लावला. चांगला माणूस, पण माणसांची पारख नाही.

स्टेफ्काने फाटकावर तमाशा केला. "काकू, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय! एवढे गुण मिळाले आणि तुम्ही म्हणता कोणी येऊ नका!"

"एक आठवडा. नंतर यावं हवं तेवढं."

"आठवडाभरात माझी ट्युलिपं मरतील."

"मग पुरायला जागा आहेच की."

ती माझ्याशी बोलायची बंद झाली आहे.

रविवार, ८ मार्च

महिला दिन. बार्टोश वान्डाबाईंसाठी लाल ट्युलिप घेऊन आले. दोन आणले होते. म्हणाले, स्टेफ्काने चुकून एक जास्त दिलं. स्टेफ्का पन्नास वर्षांत कधी चुकून जास्त देणारी नाही, पण वाद घातला नाही. ते मी घरी आणून काचेच्या बरणीत ठेवलं आहे. वाया कशाला घालवायचं.

सोमवार, ९ मार्च

उत्तम. दिवसभर फक्त मी आणि बार्टोश. कोणी येत नाही ना हे बघायला मी नळापाशी घडीची खुर्ची टाकून बसले. त्यांनी थर्मासमधून चहा आणला.

"आपण दोघं आलोच की पण," ते म्हणाले. "आपलेही फोन मोजतील."

"आपण पहाऱ्याला आहोत. ते वेगळं."

एप्रिलमध्ये त्यांना कोवोब्जेगच्या समुद्रकाठच्या आरोग्यधामात तीन आठवड्यांसाठी जागा मिळाली आहे. गुडघ्यांसाठी. म्हणाले, तिथे अजून एक जागा ऐनवेळी रिकामी झाली आहे, माझे गुडघे कसे आहेत?

माझे गुडघे उत्तम आहेत असं सांगितलं. ते का कोण जाणे, जरा खट्टू झाले.

मंगळवार, १० मार्च

आठ माणसं आली! येऊ नये असं का लिहिलं आहे ते विचारायला आली! बेकरीवालीला वाटलं विषारी वायू निघाला. शाळेच्या शिपायाला वाटलं कोणाचं तरी भूत. एकेकाला खाली बसवून चौकोन, फोन, मंडप सगळं नीट समजावलं. समजावायला वेळ लागतो. मध्येच त्यांनी आपापल्या घरच्यांना फोन करून बोलावलं, म्हणजे मला तेच पुन्हा सांगावं लागणार नाही.

संध्याकाळी बेकरीत पाव आणायला गेले, तर तिथे आणखी वीस जण विचारायला उभे. दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली.

गुरुवार, १२ मार्च

कसं सांगू. आज नळापासून फाटकापर्यंत माणसं उभी होती. सगळी माझ्या बाजूची! प्रत्येकाने मला हात धरून सांगितलं, "बाई, आम्ही येणार नाही, अगदी निर्धास्त राहा." मी म्हटलं, तोंडी नको, लेखी द्या. तेव्हा बार्टोश यांनी कुठून तरी टेबल आणलं आणि "मी या आठवड्यात दफनभूमीत येणार नाही" या वाक्याखाली लोक सह्या करू लागले. रांग वळसा घालून कर्नलच्या मागे गेली. पुढच्या गावातून एक बस आली, येणार नाही म्हणून सही करायला.

रेडिओवरची एक मुलगी आली. विचारते, "आजी, तुमचं लोकांना काय आवाहन आहे?"

"घरी जा," मी म्हटलं.

दुपारनंतर ते दर तासाला लावत होते. लोक घरून ऐकून यायला लागले.

स्टेफ्काने बोलणं सुरू केलं. नुसतं बोलणं नाही, तिने वाटाण्याच्या सूपचं पातेलं मांडलं, बारा झ्वोतीला वाटी, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ म्हणून मांसाशिवाय. मला फुकट दिलं. "काकू," कानात म्हणाली, "तुम्ही असंच दर महिन्याला लोकांना हाकला हो."

मी तिला सांगितलं की हा लोकांचा निषेध आहे, जत्रा नाही. तिच्या नवऱ्याने त्याच वेळी फुगे आणले.

माझा अंदाज : एवढा ठाम विरोध दिसल्यावर मंडळ शरमेनेच गुण कमी करेल.

रविवार, १५ मार्च

क्लेमेन्सचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस.

मी ते विसरले नव्हते. पण सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, सह्या होत्या, म्हणून वाटलं आज तरी एकटीला बसता येईल. सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर गेले, तर ट्रामच्या डेपोतली त्याची सगळी जुनी मंडळी नळापाशी. सोबत केक, एकाकडे अकॉर्डियन. डेपोतल्या वाल्डेमारने टोपी काढली.

"लेओकाद्या वहिनी, सही केली होती आम्ही. पण नामदिनाला बोलावल्याशिवाय यायचं असतं. बोलावून कोण येतं?"

"तुम्हाला तर येऊ नका म्हणून सांगितलं होतं!"

"म्हणजे आठवण होती तुम्हाला," वाल्डेमार म्हणाला आणि रडायला लागला. मग इतर पण.

उपवासकाळात अकॉर्डियन! मी खडसावलं. मग सुरी मागितली, कारण वाल्डेमारला केक कापता येत नाही, तो खोदतो. केक पुरेना, तर बेकरीवालीने दोन ताटं भरून गोड पाव आणले. ज्यांचा क्लेमेन्सशी काही संबंध नाही तेही आपापल्या माणसांची थडगी पुसून घेत होते, आलोच आहोत तर. कर्नलच्याही दगडावर कोणीतरी दिवा लावला. इतक्या वर्षांत पहिला असेल.

दुपारी बार्टोश म्हणाले, "क्लेमेन्स भाग्यवान होता." मी म्हटलं, भाग्य कसलं, त्याला यकृताचं दुखणं होतं. तेव्हा ते हसले. माणूस हसतो तेव्हा बरा दिसतो हे आज लक्षात आलं. दात त्यांचे स्वतःचे आहेत.

बुधवार, १८ मार्च

क्रुक साहेब स्वतः आले. नळापाशी. चिखलात चालून बुटांची दशा झाली होती. आम्ही दोघं तिथेच होतो.

"निकाल लागला," म्हणाला. "एकशे चार."

"शंभरपैकी?"

"पट्टी लांब करावी लागली."

मी खुर्चीवर बसले. टेओफिलनी माझा हात धरला, चक्कर येईल म्हणून.

"पण मॅडम, मंडप होणार नाही," क्रुक घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा देवदूत दिसलेल्या माणसासारखा झाला होता. "आम्ही खोलात गेलो. मंगळवारी संध्याकाळी क्षमता इथून उठून बेकरीत गेली. बुधवारी ट्रामच्या थांब्यावर. शुक्रवारी औषधाच्या दुकानात, तिथे तर दोन तास होती."

"नव्या मुलीने गोळ्या चुकीच्या दिल्या होत्या. मी तिला शिकवत होते."

"तिथे एकोणीस फोन जमले! आम्ही नावं बघत नाही, पण सगळ्या ठिकाणी एक फोन समान होता. तो जिथे जातो तिथे थोड्या वेळात लोक येतात, थांबतात आणि बहुतेक भांडतात. भांडणारा माणूस साध्या माणसापेक्षा दुप्पट थांबतो. असा फोन महानगर प्रदेशात दुसरा नाही."

"कोणाचा आहे?"

त्याने माझ्या पर्सकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, हे शक्य नाही. माझा फोन कधी वाजतसुद्धा नाही.

"क्षमता जागेत नव्हतीच, मॅडम. तुमच्यात आहे." त्याने पाकीट पुढे केलं. मंडळाचा ठराव. तीन थडगी जिथे आहेत तिथे राहतील. मंडप रद्द. त्याऐवजी श्रीमती लेओकाद्या राताइचाक यांना महानगर प्रदेशाचं "फिरतं वाढ-केंद्र" घोषित करण्यात येत आहे. त्यांनी आठवड्यातून एकदा मागास चौकोनांत फेरी मारावी, गाडी मिळेल. आणि शेवटी बारीक अक्षरात : सदर केंद्र दोन दिवसांहून अधिक काळ हद्दीबाहेर गेल्यास क्षमता मूळ चौकोनात परतली असं धरलं जाईल, आणि मंडपाची मूळ योजना, स्थलांतरासह, पुन्हा लागू होईल.

टेओफिल ते वाचून पांढरे पडले. "आणि कोवोब्जेग?"

"कोवोब्जेग हद्दीबाहेर आहे," क्रुक म्हणाला.

"पण गुडघे..."

"माझे गुडघे चांगले आहेत," मी म्हटलं. दोघेही माझ्याकडे बघत होते. टेओफिलनी फडकं घेतलं आणि वान्डाबाईंची पाटी पुसायला लागले. एकाच जागी. बराच वेळ.

गुरुवार, १९ मार्च

मी विचार केला. टेओफिलना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत आणि एक ते कायम विसरतात. तीन आठवडे समुद्राच्या वाऱ्यात असा माणूस एकटा पाठवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. मी अडतीस वर्षं औषधं दिली आहेत, मला हे डोळ्यांआड करता येणार नाही. एवढंच कारण आहे. आरोग्यधामाला फोन केला. जागा अजून रिकामी आहे. खोली वेगळी हवी असं तीनदा सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "हो हो, सुरुवातीला सगळ्याच वेगळी मागतात." तिला शिष्टाचार कोणी शिकवला नाही.

स्टेफ्काला सांगितलं तर म्हणाली, "एवढंच ना? तुमचा फोन मला देऊन जा. मी एप्रनच्या खिशात घालून गावभर हिंडवते. मंडळाला कळणारही नाही, आणि मला गिऱ्हाईक मिळेल."

टेओफिल म्हणाले, कल्पना वाईट नाही.

कल्पना लबाडीची आहे. मी खोटं वजन कधी टाकलं नाही, तर ते आता नवऱ्याच्या कबरीसाठी टाकू? आणि माझ्याऐवजी स्टेफ्काचा एप्रन महानगराचं वाढ-केंद्र म्हणून नोंदला जाईल, त्याचं काय?

संध्याकाळी एकटीच गेले. क्लेमेन्सला सगळं सांगितलं. गोळ्यांचं, वाऱ्याचं, खोली वेगळी आहे हे पण. मी गेले तर तुला कदाचित बाह्यवळण रस्त्यापलीकडे नेतील, हे पण. गेले नाही तर आपण दोघं इथे, तू आत आणि मी बाहेर खुर्चीवर, मंडळाच्या परवानगीने. मी विचारलं, काय करू?

नळाला पाणी सोडलं होतं, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा, आणि तो थोडा गळत होता. मी तो घट्ट बंद केला. थंडी होती तरी बराच वेळ बसले. मग उठताना मला जाणवलं की मी त्याला विचारायला आलेच नव्हते. सांगायला आले होते. पन्नास वर्षं असंच चाललं होतं आमचं, आणि त्याने कधी हरकत घेतली नाही.

शनिवार, २१ मार्च

पत्र आज टपालाने, पोच पावतीसह पाठवलं. प्रत इथे उतरवून ठेवते.

"श्री. सेवेरिन क्रुक, महानगर क्षमता मंडळ, यांस.

दिनांक ३ मार्च २०२६ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांपूर्वी आपल्या माणसांनी माझ्या नवऱ्याच्या कबरीत खुंटी ठोकली. ती अजून काढलेली नाही. तीन रोपंही भरून दिलेली नाहीत.

आपला ठराव मी वाचला. मला वाढ-केंद्र म्हणवून घ्यायचं नाही. मी सेवानिवृत्त आहे. लोक माझ्यापाशी जमतात ते आपण चुका करता म्हणून. चुका थांबवा, मी कोणाशी भांडणार नाही, आणि माझे गुण आपोआप खाली येतील. आपण माणसं मोजली. ती कोणासाठी आली होती हे एकदाही विचारलं नाही. माझ्या दुकानात असा हिशेब करणाऱ्याला मी दुपारपर्यंतसुद्धा ठेवलं नसतं.

मी मंगळवार, ७ एप्रिल रोजी ईस्टरनंतरच्या सकाळच्या गाडीने कोवोब्जेगला जाणार आहे आणि २८ तारखेला परतणार आहे. श्री. टेओफिल बार्टोश सोबत आहेत. त्यांच्या गोळ्यांसाठी. आपली परवानगी मी मागत नाही, आपल्याला कळवते आहे. फोन माझ्याजवळच राहील आणि चालू राहील. त्यामुळे त्या तीन आठवड्यांत आपला ओल्शिनेकचा चौकोन पांढरा पडेल आणि समुद्राच्या कडेला कुठेतरी एक लाल ठिपका उगवेल. तो उगवू द्यावा. तो आपला नाही.

या काळात क्लेमेन्स राताइचाक, वान्डा बार्टोश आणि कर्नल यांच्यापैकी कोणालाही एक वीतसुद्धा हलवलं जाणार नाही, अशी लेखी हमी मला हवी आहे. कर्नलतर्फे मागणारं कोणी नाही म्हणून मीच मागते आहे. मी जिवंत आहे, मी बाहेर जाते आहे आणि मी परत येणार आहे. या तीन गोष्टी एका चौकोनात मावत नसतील, तर चौकोन मोठा आखा.

उत्तर गुरुवार, २ एप्रिल २०२६ रोजी दुपारी बारा वाजण्यापूर्वी, लेखी, आपल्या स्वतःच्या सहीने माझ्या हातात पडलं पाहिजे. बारानंतर आलेलं पाकीट मी उघडणार नाही. मला बॅग भरायची असेल.

लेओकाद्या राताइचाक"